घरात टांगलेलं चित्र: रुलँ कुटुंब, व्हॅन गॉग आणि थोडं रसायनशास्त्र

आमच्या सांगलीच्या घरात सोप्यात आजीचं एक चित्र आहे. बाबांचे एक मित्र शाळेत चित्रकला शिकवायचे. माझ्या जन्माच्या थोडं आधी त्यांनी एका रविवारी आजीला समोर बसवून ते जलरंगात काढलं. आजीचे फोटो बरेच आहेत, पण तिला दोन तास बघत बसून कुणीतरी काढलेली ही एकच गोष्ट. यंदा दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा लक्षात आलं, की तिचं राणी कलरचं इरकल लुगडं आता धुवट गुलाबी झालंय. मी म्हटलं, "आई, हे उतरवून कपाटात ठेवू या." आई म्हणाली, "बघायला काढलंय ते, झाकायला नव्हे."

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला असलेल्या माणसाला घरच्यांशी वाद घालायला पुरावा लागतो. म्हणून मी वाचायला लागलो आणि पोचलो व्हॅन गॉगच्या रुलँ कुटुंबाच्या चित्रांपाशी. हा लेख त्या चित्रांबद्दल आहे. पण ज्यांना पुढे संशोधन करायचंय त्यांनी वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: आपल्यापर्यंत आलेली वस्तू आणि मुळात बनलेली वस्तू एकच आहे, हे आपण कशावरून धरून चालतो?

मित्राने काढलेलं कुटुंब

व्हॅन गॉग फेब्रुवारी १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल या गावी आला. त्याला माणसं काढायची होती, पण मॉडेलला द्यायला पैसे नव्हते. तिथे त्याची ओळख जोसेफ रुलँशी झाली. आपण त्याला 'पोस्टमन' म्हणतो, पण तो दारोदार पत्रं वाटत नव्हता. रेल्वे स्टेशनवर टपालाची चढउतार सांभाळायचा. महिन्याला १३५ फ्रँक पगार आणि तीन मुलं. रुलँने बसण्याचे पैसे घेतले नाहीत. व्हॅन गॉगने पत्रात गमतीने लिहिलंय, की पैसे न घेणारा हा माणूस खाण्यापिण्यात जास्त महाग पडतो!

मग घरातले सगळेच आळीपाळीने बसले. जोसेफची बायको ऑगस्टीन, १७ वर्षांचा आर्मां, ११ वर्षांचा कामी आणि जुलै १८८८ च्या शेवटी जन्मलेली तान्ही मार्सेल. डिसेंबर १८८८ च्या एका पत्रात तो थिओला मोठ्या उत्साहाने कळवतो, की एका आख्ख्या कुटुंबाची चित्रं केली आहेत. १८८९ च्या वसंतापर्यंत या पाच जणांची मिळून २६ चित्रं झाली. व्यवहार साधा होता. तुम्ही बसा, मी काढतो, काही चित्रं तुमच्याकडे राहतील.

त्याच डिसेंबरात व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापला. तेव्हा दवाखान्यात जाऊन त्याची विचारपूस करणारा, त्याच्या भावाला आणि बहिणीला पत्रं लिहून कळवणारा माणूस म्हणजे हाच रुलँ. चित्र काढणारा आणि चित्रात बसणारा यांच्यात कोणतं नातं होतं, हे त्या पत्रांतून स्पष्ट दिसतं. मराठीत बऱ्याच जणांना व्हॅन गॉग भेटतो तो आयर्विंग स्टोनच्या कादंबरीतून. कादंबरी जरूर वाचा, पण पुरावा म्हणून पत्रं वाचा. ती सगळी भाषांतरासकट खुली उपलब्ध आहेत.

दोरी कुठे जाते?

या संचातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं चित्र म्हणजे 'ला बर्सूझ', म्हणजे पाळणा हलवणारी. ऑगस्टीन खुर्चीत बसली आहे. मागे हिरवा, मोठमोठ्या फुलांचा भिंतीचा कागद, खाली लाल जमीन. हातात एक दोरी. ती पाळण्याची आहे, पण पाळणा चित्रात नाही. बाळही नाही. व्हॅन गॉगने हे चित्र पाच वेळा केलं.

समीक्षक या दोरीबद्दल बरंच लिहितात: आईपणाचं प्रतीक, समुद्रावरच्या खलाशांना मिळणारा आधार, वगैरे. यात चूक काही नाही. खुद्द व्हॅन गॉगच्याच मनात होतं, की हे चित्र मासेमारांच्या बोटीतल्या खोलीत लावलं तर त्यांना जुनी अंगाई आठवेल. दोन्ही बाजूंना सूर्यफुलांची चित्रं लावून मधे हे, अशी मांडणीही त्याने सुचवली होती.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. या पाचांपैकी एक चित्र रुलँच्या घरी गेलं. त्या घरात दोरीचं दुसरं टोक प्रतीक नव्हतं. मार्सेल तिथेच होती, पाच-सहा महिन्यांची. ऑगस्टीन हे चित्र बघत असेल तेव्हा चित्राबाहेरचं बाळ तिच्या मांडीवर असेल. संग्रहालयात मात्र दोरी चौकटीपाशी संपते आणि उरलेलं काम भिंतीवरच्या पाटीला करावं लागतं. घरासाठी काढलेलं चित्र अर्धं असतं. बाकीचं अर्धं घर पुरवतं. ते चित्र घरातून निघालं की कलावस्तू म्हणून मोठं होतं आणि दुसरीकडून थोडं अपुरं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणखी एक तपशील मला फार आवडतो. व्हॅन गॉगने ऑगस्टीनला सांगितलं, की यातलं तुला हवं ते घे. तिने निवडलं. नंतर तो थिओला लिहितो, की तिची नजर चांगली आहे, तिने सगळ्यात उत्तम तेच उचललं. आता मी ते परत करतोय. म्हणजे या मालिकेची पहिली समीक्षक कोण? जिचं चित्र काढलं तीच. कलेच्या इतिहासावरच्या पुस्तकांत ऑगस्टीन 'मॉडेल' म्हणून येते, 'निवड करणारी' म्हणून क्वचितच. आपण ज्याला 'सॅम्पल' म्हणतो त्यालाही मत असतं, हे मुलाखती किंवा सर्वेक्षणावर काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

विकली म्हणजे किंमत नव्हती?

पुढचा भाग सांगताना बहुतेक लेखांत एक सूर असतो, की 'बिचाऱ्यांना कळलंच नाही'. १८९५ नंतरच्या काही वर्षांत पॅरिसचा चित्रविक्रेता आंब्रोआझ व्होलार याने रुलँकडून ही चित्रं विकत घेतली. आज ती बोस्टन, न्यूयॉर्क, शिकागो, फिलाडेल्फिया, साओ पाउलो, एसेन, रॉटरडॅम, ॲमस्टरडॅम अशी जगभर विखुरली आहेत. २०२५ मध्ये बोस्टन आणि मग ॲमस्टरडॅम इथे या कुटुंबावर खास प्रदर्शन भरलं. त्या निमित्ताने एका घरातली ही माणसं पुन्हा एका छताखाली आली.

मला तो सूर पटत नाही. व्हॅन गॉग १८९० मध्ये गेला. १३५ फ्रँकवर तीन मुलं वाढवलेल्या घराने काही वर्षं ही चित्रं बाळगली आणि मग पैसे देणारा माणूस आल्यावर दिली. आजचा लिलावाचा भाव डोक्यात ठेवून त्यांच्या निर्णयाला हसणं म्हणजे निकाल माहीत असताना प्रयोगाचं भाकीत करणं.

उलट टोकाची गोष्ट डॉ. फेलिक्स रे यांची. आर्लच्या दवाखान्यात व्हॅन गॉगवर उपचार करणारा हा तरुण डॉक्टर. जानेवारी १८८९ मध्ये व्हॅन गॉगने त्यांचं चित्र काढून भेट दिलं. घरच्यांना ते आवडलं नाही आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं भोक बुजवायला वापरलं गेलं, असं सांगतात. आज ते मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे.

ही गोष्ट आपण मिटक्या मारत सांगतो. पण आपल्याला ती कळली, कारण चित्र वाचलं. जी चित्रं खरोखर खुराड्यात कुजली, चुलीत गेली, त्यांची गोष्ट सांगायला कुणी नाही. संख्याशास्त्रात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात: टिकलेल्यांवरून सगळ्यांबद्दल बोलणं. 'घरोघरी मित्रांनी काढलेली चित्रं लोक कशी सांभाळतात' असा प्रश्न घेऊन उद्या तुम्ही निघालात, तर तुम्हाला सांभाळणारेच भेटतील. तुमचा डेटा सुरुवातीलाच गाळून आलेला असेल.

आणि ज्यांनी सांभाळलं त्यांच्यावर संशय

आता तिसरं घर. १८९० च्या मे ते जुलै या काळात व्हॅन गॉग ओव्हेर या गावी होता आणि डॉ. पॉल गाशे त्याची काळजी घेत होते. त्याने डॉक्टरांचं चित्र काढलं, त्यांची मुलगी मार्गरिट हिचं पियानो वाजवतानाचं चित्र काढलं. ही चित्रं घरात जीव लावून ठेवली गेली. मार्गरिटचं चित्र १९३४ मध्ये बाझेलच्या संग्रहालयाकडे गेलं. डॉक्टरांचं एक चित्र मार्गरिट आणि तिच्या भावाने १९४९ मध्ये फ्रान्स सरकारला दिलं. ते आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. डॉक्टरांच्या चित्राची दुसरी आवृत्ती १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ८ कोटी २५ लाख डॉलरला गेली.

एवढं सांभाळल्याचं फळ काय मिळालं? संशय. डॉ. गाशे स्वतः हौशी चित्रकार होते, मुलगाही चित्रं काढायचा आणि दोघं आपल्या संग्रहातल्या चित्रांच्या नकला करायचे. त्यात ओर्सेमधल्या आवृत्तीचा व्हॅन गॉगच्या पत्रांत स्पष्ट उल्लेख नाही. मग लोकांनी विचारलं, की हे खरं की घरच्यांनी काढलेलं? १९९९ मध्ये पॅरिस, न्यूयॉर्क आणि ॲमस्टरडॅम इथे गाशे संग्रहाचं प्रदर्शन झालं. त्याच्या निमित्ताने मूळ चित्रं आणि नकला शेजारी ठेवून रंग, कापड, फटकारे यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली. त्यानंतर ओर्सेचं चित्र व्हॅन गॉगचंच मानलं जातं.

या तपासणीत 'कंट्रोल' कोण होतं बघा. ज्या नकलांमुळे संशय आला, त्याच नकला तुलनेसाठी उपयोगी पडल्या. घरच्यांचा हात कसा चालतो हे त्यांच्यावरून कळलं, म्हणून दुसरा हात वेगळा काढता आला. गाशे कुटुंबाने नकला फेकून दिल्या असत्या, तर संशय कदाचित आजही तसाच राहिला असता. तुमच्या फसलेल्या प्रयोगांच्या वह्या फेकू नका, हे मी ज्युनियर मुलांना सांगतो ते याच कारणासाठी.

रंग तेव्हाचे नाहीत

आता माझ्या विषयाकडे येतो. व्हॅन गॉग 'जेरेनियम लेक' नावाचा झगझगीत तांबडा रंग वापरायचा. त्यातला रंजक म्हणजे इओसिन. फ्लुरोसिनच्या रेणूला चार ब्रोमीन जोडले की इओसिन होतं. १८७० च्या दशकातला हा कृत्रिम रंग म्हणजे त्या काळातलं नवीन तंत्रज्ञान. अडचण अशी, की हा रेणू दृश्य प्रकाश जोरात शोषतो आणि उत्तेजित अवस्थेत हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने तुटत जातो. रेणू तुटला की रंग गेला.

परिणाम काय झाला? त्याच्या 'बेडरूम' या चित्राच्या भिंती आज निळ्या दिसतात, पण पत्रात त्याने त्या फिकट जांभळ्या असल्याचं लिहिलंय. तांबडा उडाला, निळा उरला. पिवळ्याची गोष्ट वेगळी. त्याचा लाडका क्रोम यलो म्हणजे लेड क्रोमेट. २०११ मध्ये लेतिझिया मोनिको आणि सहकाऱ्यांनी ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांनी तपासून दाखवलं, की या रंगाच्या वरच्या पातळ थरात क्रोमियमची ऑक्सिडेशन अवस्था +६ वरून +३ वर येते आणि पिवळा तपकिरीकडे झुकतो. सल्फेट जास्त असलेले फिकट पिवळे याला लवकर बळी पडतात.

समीक्षेसाठी याचा अर्थ सरळ आहे. 'निळ्या भिंतींमुळे या खोलीत एकटेपणा जाणवतो' असं वाक्य कुणी लिहिलं, तर ते व्हॅन गॉगबद्दल आहे की इओसिनच्या विघटनाबद्दल, हे आधी विचारायला हवं. मी विज्ञानवाला असल्याने कलासमीक्षेला नावं ठेवतोय असं समजू नका. रसायनशास्त्र फक्त सांगतं, की इथे तांबडा होता. जांभळ्या भिंतीने काय होतं, ते सांगायला बघणारा माणूसच लागतो.

आणि एक सांगतो, व्हॅन गॉगला हे माहीत होतं. एप्रिल १८८८ मध्ये तो लिहितो, की हे नवे रंग टिकाऊ नाहीत, म्हणून ते मुद्दाम भडक वापरावेत; काळ त्यांना सौम्य करेलच. म्हणजे फिकं पडणं त्याने थोडंफार हिशेबात धरलं होतं. किती पडेल, हे मात्र त्याच्या हातात नव्हतं.

सोप्यातला हिशेब

परत आजीकडे. चित्र खिडकीसमोर आहे. फोनच्या ॲपने मोजलं तर दिवसभराची सरासरी साधारण ४०० लक्स आली. ॲप फार अचूक नसतं, पण अंदाजाला पुरे. दिवसाचे १० तास धरले तर वर्षाला १४ लाख ६० हजार लक्स-तास होतात. संग्रहालयात जलरंगांसाठी सहसा ५० लक्स ठेवतात. रोज ८ तासांप्रमाणे वर्षाला १ लाख ४६ हजार. म्हणजे बरोबर दहापट फरक. एकूण प्रकाशाच्या प्रमाणात रंग उडतो असं ढोबळ मानाने धरलं, तर आमच्या सोप्यातली २८ वर्षं म्हणजे संग्रहालयातली २८० वर्षं!

हा आकडा घेऊन मी आईसमोर उभा राहिलो. ती म्हणाली, "मग २८ वर्षं रोज बघितलं ना आम्ही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या बाजूचा आकडा मी मोजलाच नव्हता. किती वेळा बघितलं, आजी गेल्यावर किती वेळा त्याच्यासमोर कुणी थांबलं, याचं एकक माझ्याकडे नाही. कपाटात ठेवलेलं चित्र रंगाने टिकतं, पण कोण आहे हे सांगणारं कुणी उरत नाही. दोन पिढ्यांनी ते 'कुणीतरी बाई' होतं. रुलँच्या घरातली दोरी आठवा. घर सुटलं की अर्थाचं एक टोक सुटतं.

शेवटी मी फ्रेम उघडली. काच काढली, माउंटचा पुठ्ठा हळूच उचलला. पुठ्ठ्याच्या खाली, कडेने, बोटभर रुंदीची पट्टी होती. तिथे लुगड्याचा काठ गेला होता. तो अजून राणी कलरचा होता. अगदी तसाच, भडक. आई बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली. "असंच होतं ते," म्हणाली, "त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाचं."

संशोधकाच्या भाषेत ती पट्टी म्हणजे कंट्रोल. तोच कागद, तोच रंग, तीच वर्षं, फक्त प्रकाश नाही. चित्रांचे संवर्धक फ्रेमखाली झाकल्या गेलेल्या कडा याचसाठी तपासतात. नमुना खरवडून प्रयोगशाळेत न्यायचा मोह मला झाला, खोटं कशाला सांगू. नेला नाही. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वस्तूच्या अंगावरून खरवडून काढायचं नसतं.

आम्ही काय ठरवलं ते सांगतो, कुणाला उपयोग होईल:

- चित्र खिडकीसमोरून काढून त्याच खोलीत आडव्या, सावलीतल्या भिंतीवर लावलं. तिथे ॲप ६० ते ७० लक्स दाखवतं. अतिनील रोखणारी काच उपयोगी असते, पण दृश्य प्रकाशानेही रंग उडतो. त्यामुळे जागा बदलणं जास्त महत्त्वाचं.
- जुना पिवळा पडलेला पुठ्ठा बदलून आम्लरहित माउंट घातला. काच कागदाला चिकटू नये एवढं अंतर ठेवलं.
- पावसाळ्यात भिंत ओल धरते म्हणून फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, हवा खेळायला.
- चांगल्या प्रकाशात, शेजारी करड्या रंगाचं कार्ड ठेवून फोटो काढले. त्या झाकलेल्या पट्टीचेही.
- एका वेगळ्या कागदावर आईने लिहिलं: चित्र कुणाचं, कुणी काढलं, कोणत्या साली, आजी कुठे बसली होती, लुगडं कोणतं. तो कागद फ्रेमच्या मागे पाकिटात आहे.

यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ओर्सेच्या चित्रावर इतकी वर्षं वाद झाला, तो अशा एका ओळीच्या अभावी. प्रयोगशाळेत आपण नमुन्याच्या बाटलीवर लेबल नसेल तर ती फेकून देतो. घरातल्या वस्तूंना मात्र लेबल लावत नाही, कारण 'सगळ्यांना माहितीच आहे'. सगळे म्हणजे कोण, आणि किती वर्षं?

ज्यांनी ते चित्र काढलं त्या काकांना मी फोन केला. आता निवृत्त आहेत. रंग उडाल्याचं सांगताना मला अवघडल्यासारखं झालं. ते हसले. म्हणाले, "अरे, विद्यार्थ्यांचे स्वस्तातले रंग होते ते. उडणारच. पण अजून भिंतीवर आहे ना?"

आहे, म्हटलं. फक्त भिंत बदलली.